तीन बादशाह आणि माझा चेहरा

मैत्रिणींनो, आज अकोल्याला नणंदेकडे पहिल्यांदाच तीन पत्ती शिकले. पैशांऐवजी चिंचोके लावले होते.

एका डावात मला चक्क तीन बादशाह आले. मी चिंचोका पुढे सरकवताच सगळ्यांनी पत्ते टाकून दिले.

"वहिनी, पत्ते लपवता, पन तोंडाचं काय?" नणंद म्हणाली.

नवरा हसला. "हिच्या तोंडावर सारं दिसते. मले तं पत्ते पाहाचीबी गरज नाही."

मीही हसले.

माझी आई जाऊन सहा महिने झाले. रोज हा समोर बसून जेवतो. एकदाही विचारलं नाही, कशी आहेस म्हणून. मी समजत होते, त्याला दिसतच नाही.

आता अमरावतीला परतलोय. कणीक मळायची आहे. सांगा, कोणत्या मनाने वाढू?