ब्रेकबाई आणि फुप्फुसातले ठिपके

गाडी शिकायला येणारे तिला ‘ब्रेकबाई’ म्हणत. शेजारच्या सीटवर बसून शिकवताना तिचा पाय कायम आपल्या बाजूच्या ब्रेकवर, आणि जीभ त्याहून चपळ. चाळिशीची, बिनलग्नाची, थोरल्या भावाकडे राहणारी. उजव्या गुडघ्याखाली ठणकायला लागलं, तेव्हा ‘ब्रेक दाबून दाबून दुखत असेल’ म्हणत तिने ते अंगावर काढलं. मग एकदा उतारावर पायात बळच राहिलं नाही. गाडी फुटपाथला घासत जाऊन थांबली.

तपासणीत हाडाचा कॅन्सर निघाला. पुढचं डॉक्टरीणबाईंनी भावाला बाहेर नेऊन सांगितलं. तो आत आला तो उसनं हसू घेऊन.

“हाडातच आहे ना, दादा?”

“हो गं. दुसरं काही नाही.”

“आरशात बघत जन्म गेलाय माझा. मागे काय चाललंय ते कळतं मला. बोल.”

दादाचा चेहरा उतरला. दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते.

सलाइनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, तोंड आलं, पाण्याचा घोटसुद्धा जाळत जाई. वहिनी उशाशी उलटीचं भांडं धरून बसे. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. निकालाच्या दिवशी तिघं बाकावर बसली होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“ठिपके आकसलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उरलेले काढता येतील. आधी पायाचं हाड, मग छाती. खात्री देत नाही, पण संधी आहे.”

“छातीत गेलंय, तर पायाची चिरफाड कशाला?” दादा म्हणाला. “राहू दे तिला सुखाने.”

“पाय कुणाचा, दादा? काढायचं तर सगळं काढा. अर्धवट काम मी शिकणाऱ्यांचंही चालवून घेत नाही.”

दादा उठून खिडकीशी गेला. वहिनीने संमतीपत्र पुढे सरकवून पेन तिच्या हातात दिलं.

पायात धातूचं हाड बसलं. जखम भरल्यावर छाती उघडली. त्यानंतर श्वास पुरेना. बरगड्यांमधून नळी, अंगात ताप. नको म्हणणारा दादाच, छातीतला कफ सुटावा म्हणून, तिला टेकून बसवत म्हणायचा, “खोक. अजून एकदा खोक.”

“गप रे. दुखतंय,” ती पुटपुटायची आणि खोकायची.

पहिला स्कॅन स्वच्छ आला. दुसऱ्यात डावीकडे बारीक ठिपका दिसला. औषध बदललं.

गाडी आता तिला झेपत नाही. काठी टेबलाला टेकवून ती रस्त्याच्या नियमांचा वर्ग घेते. चुकणाऱ्याची अजूनही खैर नसते. पुढचा स्कॅन सोमवारी आहे. घरात कुणी तो विषय काढत नाही, पण शनिवारपासून दादाला घास उतरत नाही.