लाल-काळी कॅप्सूल आणि केळापूरची खुर्ची

माझं लग्न एका गळवामुळे मोडता मोडता राहिलं. गळू कुठे होतं, हे आधीच सांगून टाकतो: माणूस ज्या जागेवर बसतो, बरोबर तिथे.

त्या वर्षांत कापसावरची बोंडअळी कुठल्याच औषधाला दाद देत नव्हती. मी कृषी सहायक. घर राळेगावला, नोकरी केळापूरकडे. गावोगाव सभा घेत फिरायचो आणि एकच भाषण ठोकायचो, "पंपात औषध अर्धंमुर्धं टाकू नका! तेच ते पुन्हा पुन्हा मारू नका! जी अळी वाचते ती पक्की होते, अन् पुढच्या फवारणीत मजेत आंघोळ करते!" (इथे लोक हसत. मी त्यांना हसू देत असे.)

केळापूरच्या सभेत वडिलांशेजारी बसलेली एक मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "सर, वाचलेली अळी आपल्याच वावरात राह्यते, का शेजाऱ्याच्याही जाते?"

"शेजाऱ्याच्याही जाते," मी म्हणालो, आणि मला ती मुलगी फार आवडली. एवढी की घरी गेल्यावर मी मामांना मध्यस्थी करायला लावलं. मुलगी बघायचा दिवस ठरला. मी हवेत होतो. नेमकं तेव्हाच गळू उठलं.

आमच्या घरी उरलेल्या कॅप्सूलचा डबा होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. कुणाचा ताप जरा उतरला की आई म्हणायची, "बरं वाटून राह्यलं ना? मंग बाकीच्या कायले खातं? ठेव डब्यात!" कोणती कशावर, हे रंगावरून ठरे. लाल-काळी तापावर, पिवळी पोटावर, आणि जिचं काहीच आठवत नाही ती पाहुण्यांना! गल्लीतल्या बायका विरजण मागावं तशा कॅप्सूल मागून न्यायच्या.

गळवावर आईने लाल-काळी काढली. गळू दबलं, मी गोळ्या थांबवल्या. ते पुन्हा उठलं. मग पिवळी. पुन्हा दबलं, पुन्हा थांबवल्या. त्यानंतर जे उठलं ते कुठल्याच रंगाला भीक घालेना! आईसोबत मुलगी बघायला निघालो तेव्हा एसटीत जागा असूनही मी केळापूरजवळच्या पांढरकवड्यापर्यंत दांड्याला लटकून आलो.

मुलीच्या वडिलांनी नवी खुर्ची पुढे केली. "बसा ना, सर."

"नको. उभाच बरा आहे."

"अहो, बसा!"

"त्याले उभं राह्याची सवयच हाय," आई घाईने म्हणाली. "भाषणं देते ना!"

पोहे आले. मी उभ्याने खाल्ले. चहा आला. तोही उभ्याने. आतून मुलीच्या आत्याचा आवाज आला, "याले काही बिमारी तं नाही ना वो?" वडिलांचा चेहरा उतरला. दारात उभी असलेली ती मुलगी, सुनीता, माझ्याकडे एकटक बघत होती. आता बसलो नाही तर ही मुलगी हातची जाते, हे मला लख्ख कळलं. मी देवाचं नाव घेतलं आणि बसलो.

त्यानंतर मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. अंगणातल्या कोंबड्या मात्र कुडावर चढल्या.

"काय झालं, काय झालं!" सगळे धावले. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यात आईने सगळ्यांदेखत पिशवीतून डबा काढला! "घे बाबू, लाल-काळी घे. याच्यानं दबते."

सुनीता पुढे आली. डब्यात डोकावली.

"याच्यातल्या अर्ध्याच खाता? बाकीच्या ठेवून देता?"

"वाया कायले घालवा?" आई म्हणाली.

"अन् शेजाऱ्यायलेही देता?"

"देतो ना! आमी काय कंजूस हावो?"

सुनीता माझ्याकडे वळली. "सर, मंग तुमच्या घरची अळी पक्की झाली की!"

सगळे हसले. मी त्यांना हसू दिलं. दुसरं करताही काय आलं असतं?

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी गळवाला चिरा दिला आणि पू तपासायला पाठवला. लाल-काळी, पिवळी, दोन्हींचा त्यावर काही उपयोग उरला नव्हता. भारी इंजेक्शनं घ्यावी लागली, तीही पालथं पडून. मला दुखण्यापेक्षा नकाराची भीती जास्त होती. पण निरोप होकाराचा आला! सोबत फक्त एक अट होती: डबा मुलीच्या हवाली करायचा.

लग्न होऊन आली तशी तिने तो रिकामा केला. आता त्यात मोहरी असते. मी आजारी पडलो की शेवटची गोळी गिळेपर्यंत ती पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते, आणि डॉक्टरांनी गोळीची गरज नाही म्हटलं तर मी कितीही कण्हलो तरी एकही देत नाही.

केळापूरला मात्र आजही सासरच्या कार्यात कुणी मला "बसा" म्हटलं, की मी तोंड उघडायच्या आत सुनीता भरल्या मांडवात सांगते, "द्या, द्या खुर्ची! आता बसता येते त्यायले!"