नानांचं खाकरणं

आमच्या घरात सासरे दारात आले की आधी खाकरायचे. मग आत सून असेल तर तिनं पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूला सरकायचं. नाना खाकरले की मी पिठाचे हात तसेच घेऊन भिंतीशी उभी राहायची. लग्न होऊन धुळ्यात आले तेव्हा या प्रकाराचा मला भारी राग यायचा. मी सावद्याची, केळीच्या मळ्यातल्या विहिरीत पोरांच्या बरोबरीनं उड्या मारलेली. पण राग राग करता सवय कधी लागली ते कळलंच नाही.

मुलगी झाल्यावर मी ट्रायथलॉनच्या नादाला लागले. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच धावायचं. मध्ये दम खायला कोणी देत नाही. नवऱ्यानं साथ दिली, सासूबाईंनी नाक मुरडलं. स्पर्धेचा अंगाला चिकटणारा पोशाख मी साडीखाली लपवून वाळत घालायची.

धुळ्याजवळच्या एका तलावावर निवड स्पर्धा होती. पहिल्या तिघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. बायकांत मी पाण्यातून पहिली बाहेर आले. ओल्या पायांनी सायकलींच्या रांगेत शिरले आणि मागून तेच खाकरणं आलं. नाना! ते येणार हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हात आपोआप डोक्याकडे गेला. तिथे कुठला पदर, रबरी टोपी! उघडे दंड, उघड्या मांड्या. मी सायकलीमागे उकिडवी बसले आणि ते पुढे जाण्याची वाट बघत राहिले. एकेक करून बाकीच्या आपापल्या सायकली काढून निघून गेल्या. नवरा दोरीपलीकडून ओरडत होता. ऐकू येत होतं, पण उठवत नव्हतं. शेवटी चौथी आले.

"सायकलची चेन पडली," असं मी घरी ठोकून दिलं. नाना ओट्यावर मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी मला तसं बघितलं याची लाज वाटत होतीच. पण लाजून दडले याची त्याहून जास्त. एवढा घाम गाळून मी शेवटी कोण, तर खाकरणं ऐकून लपणारी सून.

त्या दिवसापासून नाना खाकरेनासे झाले. दारात चपला आपटायचे. तरुणपण जिनिंगमध्ये गेलेलं, कापसाच्या धुळीनं घसा कायमचा धरलेला. खरा खोकला आला तरी उठून अंगणात जायचे. तलावावरही तो साधा खोकलाच असेल. विचारायची मला हिंमत झाली नाही.

पुढे मी धुळ्याबाहेरच्या रस्त्यावर सराव करताना पडले आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. "झालं समाधान?" सासूबाई म्हणाल्या. नाना भिंतीकडे बघत बोलले, "हाड जुडी जाई, बेटा. मंग परत जाय."

हाड जुळलं. पुन्हा निवड स्पर्धा झाली, या वेळी मी तिघींत बसले. राज्य स्पर्धा जळगावला होती. नाना आले. पाण्यातून निघून पळत आले तर ते दोरीला लागून उभे. खांद्यावरचा रुमाल त्यांनी तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, छाती आतून हिसके देत होती. त्यांनी हातानं मला नुसतं पुढे जायची खूण केली. मी सायकल काढली. वळणावर पोचले तेव्हा मागे खोकल्याची उबळ फुटली आणि बराच वेळ थांबली नाही.

मी पहिली आले. नंतरही बऱ्याचदा आले. लोक विचारतात, एवढं पडून-झडून पुन्हा उभ्या कशा राहिलात? मी जिद्द, मेहनत वगैरे सांगते आणि खाली बघते. एका म्हाताऱ्या माणसानं स्वतःचा श्वास कोंडून धरला तेव्हा कुठे मी त्या सायकलीपर्यंत पोचले होते.