काढता न येणारं चित्र

गणित विभागाच्या जिन्यासमोर सकाळी सकाळी माणसाएवढं पोस्टर लागलेलं बघून बाईंच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. निळ्या रंगात सोनेरी वळणं, वळणात वळण, त्यात आणखी वळण. खाली त्यांचा जुना फोटो आणि ठळक अक्षरांत ओळ: 'ज्यांचं चित्र कोणताही संगणक काढू शकत नाही, अशा आकारांचा शोध.'

ज्याचं चित्र निघत नाही, त्याचं चित्र. बाई तरातरा खाली प्रसिद्धी विभागात गेल्या. तिथले अधिकारी चहा पीत होते.

"ते चित्र कुठून आणलंत?"

"छान आलंय ना, मॅडम? सगळे थांबून बघतायत."

"ते माझं नाही."

"फोटो तुमचाच आहे की."

"चित्राचं बोलतेय मी. ते काढता येत नाही, हेच तर माझं संशोधन. आणि तुम्ही ते काढून लावलंत."

"मग काय लावू? कोरी चौकट?"

"हो."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. "कोरी चौकट बघायला कोण थांबणार? उद्या तुमची मुलाखत, म्हणून विभागप्रमुखांनीच सांगितलं, काहीतरी रंगीत लावा. सगळं तुमच्यासाठी चाललंय आणि तुम्हीच आमच्यावर डाफरताय."

हे खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच चीड आली. मुलाखत प्राध्यापकपदाची होती. याआधी दोनदा त्या हात हलवत परत आल्या होत्या आणि निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर होती. पगारवाढीचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. पण पद मिळालं तर त्यांच्या विषयाला विभागात कायमची जागा मिळणार होती. नाही तर बाई गेल्या की त्यांचा अभ्यासक्रमही त्यांच्यामागोमाग गुंडाळला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

विभागात पाठीमागे त्यांना 'नकारघंटा' म्हणत. अमुक गणना होत नाही, तमुक वेळेत होत नाही, असंच त्या आयुष्यभर सिद्ध करत आल्या होत्या. सुरुवात मात्र अशी नव्हती. विद्यार्थिदशेत त्या चित्रांच्याच नादी लागल्या होत्या. खेळ साधा. एक संख्या घ्यायची, तिला तिनेच गुणायचं, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. जे येईल त्याचं पुन्हा तेच. काही संख्या भरकटत कायमच्या दूर जातात, काही जवळच घुटमळत राहतात. या दोहोंमधली सीमा संगणकावर रंगवली की असे आकार उमटतात की बघणारा जेवण विसरावा.

अशाच एका चित्रात बाईंना एक बारीक धागा दिसला, दोन बेटांना जोडणारा. त्या धाग्यावर त्यांनी अख्खा प्रबंध उभा केला. तो कुठे वळतो, का तुटत नाही, सगळं लिहून झालं. प्रबंध बांधायला टाकायच्या बेतात असताना मार्गदर्शक म्हणाले, "दशांश चिन्हापुढचे अंक जरा वाढवून बघ."

वाढवले. धागा गेला. यंत्र प्रत्येक पायरीवर शेपटीकडचे अंक छाटत होतं आणि त्या छाटलेल्या कचऱ्याचाच धागा झाला होता. बाई इतके दिवस कचऱ्याचा भूगोल लिहीत होत्या.

त्या रडल्या नाहीत, चिडल्या. ती चीड पुढे त्यांना आयुष्यभर पुरली. यंत्राने दाखवलेलं कुठलं चित्र खरं मानायचं आणि त्यासाठी यंत्राला किती वेळ द्यायचा, एवढाच प्रश्न घेऊन त्या एका कोंदट खोलीत फळ्यासमोर उभ्या राहिल्या. काही आकारांना थोडा वेळ पुरतो. काहींना इतका लागतो की सूर्य विझला तरी काम शिल्लक. आणि केस पांढरे होत आले तेव्हा त्यांना एक आकार असा सापडला, की नियम पोस्टकार्डावर मावेल, पण त्याचं बिनचूक चित्र काढणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. सिद्धता पुरी झाली त्या दिवशी घरी येऊन त्या थोरल्या बहिणीला म्हणाल्या, "ताई, झालं."

ताई म्हणाली, "दाखव."

ताई दातांची डॉक्टर. दोघी एकाच घरात राहत, दवाखाना खाली, घर वर. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता ताईने विषय काढला.

"बेबी, उद्या जास्त शहाणपणा करू नकोस. चित्र तुझं का विचारलं, तर हो म्हण."

"माझं नाहीये ते."

"मी रोज लोकांना सांगते, अजिबात दुखणार नाही. दुखतं. पण दात निघतो की नाही?"

"तुझे पेशंट बोंबलतात. मला वरपर्यंत ऐकू येतं."

"पण खुर्चीत बसतात तरी. तू माणूस बसायच्या आधीच त्याला उठवतेस."

ताईशी वाद घालताना त्यांचं डोकं नेहमीच ऐन वेळी संपावर जायचं.

दुसऱ्या दिवशी निवड समितीच्या अध्यक्षांनी त्यांना मोठ्या आपुलकीने बसवलं. हयातभर पूल बांधलेले इंजिनियर होते ते. शेजारी विभागप्रमुख कागद चाळत होते.

"पोस्टर पाहिलं. तुमच्या विषयातलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं बघा. तुम्हीच काढलंत?"

विभागप्रमुख खोकले.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते एका सरळमार्गी आकाराचं आहे. माझ्या आकाराचं चित्र निघत नाही."

"अजून निघालं नाही, असं म्हणा."

"कधीच निघणार नाही."

अध्यक्ष हट्टी पोराकडे बघून हसावं तसे हसले. "हे बघा, संस्था मोठा संगणक घेतेय. आत्ताच्यापेक्षा कैक पटींनी वेगवान. ज्याला हे पद, त्याच्या हाती तो संगणक. थोडा अवधी दिलात तर चित्र काढून दाखवू, एवढं म्हणायला काय हरकत आहे?"

डोक्यावर पंखा करकरत होता. नुसती मान हलवली की काम होणार होतं, हे बाईंना दिसत होतं. आणि त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही.

"दुसरे आकार निघतील," त्या म्हणाल्या. "पुष्कळ निघतील. त्यांना तुमचं यंत्र उपयोगी आहे. फक्त हा नाही."

"पण पोस्टरवर तर हाच आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. मघाचं सगळं पाण्यात गेलं होतं.

"बरं, मग तुमच्या त्या सिद्धतेचा उपयोग काय?" अध्यक्षांचाही आवाज आता चढला होता.

"या कामासाठी यंत्र विकत घेऊ नका, एवढा."

विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच बाई समजल्या. पद दुसऱ्या उमेदवाराला गेलं होतं. तुमचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षापासून नसेल, हेही त्यांनी खाली बघत सांगून टाकलं. बाईंनी पर्सचा पट्टा बोटाला घट्ट गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"कारण काय दिलंय?"

"जाऊ द्या हो, मॅडम."

"सांगा."

"उमेदवाराचा दृष्टिकोन नकारात्मक."

आता मात्र बाई ताठ झाल्या. "निकाल मान्य आहे. कारण चुकीचं आहे. ते बदलून घ्या."

"कारण बदललं म्हणून पद मिळणार नाही."

"पदाचं कोण बोलतंय? 'जमणार नाही' असं तर कुठलाही आळशी माणूस म्हणतो. मी ते सिद्ध केलंय. त्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्याला तुम्ही दृष्टिकोन म्हणताय."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून डोळे चोळले. चांगला माणूस होता, पण आता अगदी मेटाकुटीला आला होता. "मग काय लिहायला सांगू त्यांना?"

"दुसरा उमेदवार हो म्हणाला, असं लिहा."

"असं लिहिता येत नाही."

"का येत नाही?"

विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर सायकलींच्या रांगेशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. तासाची घंटा झाली, मुलं जिन्यावरून धडधडत वर गेली. बाई उठल्या नाहीत. येत नाही म्हणणाऱ्याने ते का येत नाही हेही सांगितलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि त्या पर्स मांडीवर धरून उत्तराची वाट बघत बसून राहिल्या.