केसभर चुकलेली झडप

"अहो भाऊ, ढकला की! जेवले नाय का सकाळी?" मामा इंजिनाखाली डोकं घालून ओरडत होते. आवाज असा, की वेरूळच्या दगडी हत्तींनीही कान झाकावेत.

मामा माझे शेजारी. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शंभर वर्षांपूर्वी असायचं तसं वाफेचं रेल्वे इंजिन, रेडकाएवढं छोटं, स्वतः घडवून रुळाच्या तुकड्यावर उभं केलंय. उंच चाकांना कुणी हसलं तर म्हणतात, "पॅसेंजरचं हाय ते, जोरात पळायला उंचच लागतात. मालगाडीचं असतं तर बुटकी ठेवली असती." मामी गेल्यापासून त्यांच्या घरात भांडंसुद्धा वाजत नाही, जो काही आवाज, तो या शेडमध्ये.

सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी झडप बसवायला दोन माणसं लागतात. एकानं इंजिन मागंपुढं ढकलायचं, दुसऱ्यानं झडप बघायची. म्हणून दर रविवारी मला बोलावणं. मी आजवर इतकं ढकललंय, की इंजिन एव्हाना मनमाडला जाऊन, चहा पिऊन परत आलं असतं. झडप मात्र दर रविवारी केसभर चुकलेलीच.

त्या रविवारी ती बरोबर बसली. "लई भारी!" मामा गरजले. मी हात धुवायला नळावर गेलो आणि वळून पाहिलं, तर मामा पाना घेऊन तीच झडप गुपचूप ढिली करत होते.

"मामा, हे काय? आज चाललं असतं की इंजिन!"

त्यांनी पाना फडक्याला पुसला.

"मग पुढच्या रविवारी तुम्ही कशाला आले असते?"