फर्ल म्हणजे गुंडाळणे

रोज सकाळी ताई खिडकीचा कापडी पडदा खालून वर गुंडाळत न्यायची, चौकटीपाशी त्याची वळकटी दोन नाड्यांनी बांधायची, प्रत्येक नाडीला दोन गाठी मारायची आणि मग वळकटी धरून एक हिसडा द्यायची. सुटत नाही अशी खात्री पटली की मगच चहाचं आधण ठेवायची. संध्याकाळी त्या गाठी तिची धाकटी बहीण सोडवायची, नखं लावून, कधी दातांनी. अठरा वर्षं हे असं चाललं. त्याबद्दल दोघींनी एकमेकींशी अवाक्षर काढलं नाही.

त्याआधी ताई भाषांतरं करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कचेरीत बसून पंपांच्या, शिड्यांच्या, मलमांच्या इंग्रजी माहितीपुस्तिका ती आपल्या भाषेत आणायची. हाताशी एक छोटा कोश असे, पुठ्ठा निखळलेला. जाडा कोश समोरच्या काचेच्या कपाटात होता. त्यासाठी उठावं लागे. कामाचा तिला अभिमान होता, गरजेपेक्षा जरा जास्तच. "माझ्या वाक्यात सुई घालायला जागा सापडायची नाही," असं ती म्हणायची, आणि सहसा ते खरं असायचं.

धाकटीचा नवरा भाजीमंडईत छतवाला होता. मंडईच्या चौकावर परदेशी बनावटीचं मोठं कापडी छत बसवलं होतं. ऊन असलं की उघडायचं, वारा सुटला की मिटायचं. ते सगळं त्याच्या ताब्यात. योगायोग असा, की त्या छताची पुस्तिका ताईच्याच टेबलावर आली. जोराच्या वाऱ्यात छत 'फर्ल' करा, असं तिच्यात होतं. छोट्या कोशात त्या शब्दापुढे एकच अर्थ होता: गुंडाळणे. ताईने लिहिलं, 'जोराचा वारा सुटल्यास छत गुंडाळावे', आणि पान उलटलं.

मेहुण्यांनी भाषांतराचा तो कागद मंडईतल्या आपल्या खोलीत भिंतीला चिकटवला. रविवारी जेवायला आले की चिडवायचे, "ताई, तुमची बहीण मला रोज गुंडाळते आणि मी रोज छत गुंडाळतो. घरीदारी एकच धंदा!"

"आणि तिने एक दिवस गाशाच गुंडाळला म्हणजे?" ताई विचारायची.

"छे! गुंडाळायची कामं सगळी माझ्याकडे. ती नुसती हुकूम सोडणार."

धाकटी पळी उगारायची. मग तेही हसायचे, तीही.

अशाच एका रविवारी त्यांनी घास हातात धरून विचारलं, "ताई, त्या छताच्या कडेला पट्ट्या लोंबतात बघा. त्या कशाला असतील हो?"

आपल्या कागदाच्या बाहेरचं कुणी विचारलेलं ताईला रुचत नसे. "लिहिलंय तेवढं करा म्हणजे झालं," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

ते लिहिलं होतं तेवढं करत राहिले. तसेच होते ते. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दीड महिन्याने भरदुपारी वावटळ उठली. छत गुंडाळलेलं होतं, अगदी नीट, घडीला घडी. वाऱ्याने ती वळकटी एका दमात उलगडली आणि तिच्या पोटातला लोखंडी दांडा चौकावर आडवा फिरला. मेहुणे खाली एका म्हातारीच्या टोपल्या आत ओढत होते. म्हातारी वाचली.

तिसऱ्या दिवशी ताई कचेरीत गेली आणि काचेचं कपाट उघडलं. जाड्या कोशात तो शब्द सापडायला अर्धं मिनिट लागलं. फर्ल: शीड, झेंडा, छत्री वगैरे गुंडाळून पक्के बांधणे. खाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलं होतं. जुन्या फ्रेंचमधल्या दोन शब्दांचा जोड: एकाचा अर्थ घट्ट, दुसऱ्याचा अर्थ बांधणे. ताईने ते उभ्यानेच पुन्हा वाचलं. गुंडाळणं त्या शब्दाच्या मुळात नव्हतंच. होतं ते फक्त बांधणं.

चौकशी मंडईतल्या त्यांच्याच खोलीत झाली. भिंतीवर तो कागद तसाच होता. व्यवस्थापक म्हणाला, "पट्ट्या दिलेल्या होत्या. बांधल्या नाहीत. सरळसरळ हलगर्जीपणा, दुसरं काय?"

"ते हलगर्जी नव्हते हो," धाकटी म्हणाली. तिने ताईचा दंड धरला. "ताई, तू सांग ना यांना. तुझा शब्द कधी खाली पडू दिला नाही त्यांनी."

गप्प राहणं सोपं होतं. कपाट बंद होतं, आणि त्यातलं ते पान कुणी उघडणार नव्हतं. पण मग त्यांच्या नावापुढे 'हलगर्जी' हा शब्द कायमचा लागला असता.

"चूक त्यांची नाही," ताई म्हणाली. "मी अर्धाच शब्द लिहिला. आणि त्यांनी पट्ट्यांचं विचारलं, तेव्हा लिहिलंय तेवढं करा म्हणून मीच सांगितलं."

चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, एका शब्दाने माणूस मरतो का?"

ताईने तो शब्द त्याला समजावून सांगितला, मुळासकट. बोलता बोलता तिला जाणवलं, की दंडावरचा हात सुटला आहे.

अहवालात मेहुण्यांवर ठपका आला नाही. ताईकडून भाषांतरं काढून घेतली आणि तिला टपालावर बसवलं. निवृत्त होईपर्यंत ती पाकिटं चिकटवत राहिली. धाकटीला दुसरा आसरा नव्हता, म्हणून ती ताईकडेच राहायला आली. दोघी एका चुलीवर जेवल्या. मीठ दे, दार लाव, दूध आलंय, एवढंच बोलणं. एकदाच, भांडी विसळताना, धाकटी पाठमोरी म्हणाली, "तू बोलली नसतीस तर बरं झालं असतं का, तेही मला कळत नाही." ताईने नळ बंद केला.

मग ताई अंथरुणाला खिळली. एका सकाळी तिचे हात वर जाईनात. पडदा तसाच खाली, खोलीत अंधार. धाकटी बराच वेळ दारात उभी राहिली. मग स्टूल ओढून चढली, पडदा गुंडाळला, नाड्या बांधल्या, एकेकीला दोन-दोन गाठी, आणि खाली हिसडा दिला. एकदा, पुन्हा एकदा.

उजेड ताईच्या अंगावर आला. ती त्या गाठींकडे बघत होती.

"एवढी घट्ट नको गं," ती म्हणाली. "संध्याकाळी तुलाच सोडवायचीय."