दोनशे चौदावी ओळ

कामावरचं काय आठवतं, असं कुणी विचारलं की मी काहीतरी गमतीचं सांगतो. खरं आठवतं ते एका मुलीचं, आणि ते गमतीचं नाही.

कोथरूडला आमचं छोटं ऑफिस होतं. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम आम्ही पर्ल भाषेत लिहिला होता. त्यातलं रुग्णाची माहिती तपासणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा वेगळा तुकडा, माझं. बाकीचे आपापल्या फायलींतून ते वापरायचे. या भाषेत मॉड्यूलमधून चूक कळवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत मॉड्यूलमधल्या ओळीचा क्रमांक छापला जातो, दुसरीत ज्याने मॉड्यूल वापरलं त्याच्या फायलीतल्या ओळीचा. मी सगळीकडे दुसरी वापरली होती. वापरणाऱ्याला आपली चूक पटकन सापडावी, हा हेतू. चूक मॉड्यूलचीच असली तर काय, हा प्रश्न मला पडला नाही. माझं चुकू शकतं असं मला वाटतच नव्हतं.

रोज सकाळी आदल्या दिवशीच्या चुकांची यादी छापून पाण्याच्या कूलरशेजारी लावली जायची. ज्याची फाइल, त्याचं नाव. ही पद्धत मीच सुरू केलेली. माझं नाव त्या यादीत कधी आलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

ती मुलगी विदर्भातून आलेली, शनिवार पेठेत खोली घेऊन राहणारी, अजून कायम न झालेली. एकदा आठवडाभर तिचंच नाव लागत होतं: 'वय दिलेले नाही, ओळ २१४'. नवजात बाळांचे रिपोर्ट निघत नव्हते, लॅबवाले फोनवर ओरडत होते. शेवटी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगला बसवलं.

"सर, मी वय दिलंय," ती मला म्हणाली. "शून्य दिलंय. बाळ त्याच दिवशी जन्मलंय. आणि माझ्या त्या ओळीवर फक्त तुमचं मॉड्यूल बोलावलंय."

मी म्हणालो, "अहो, शून्य वर्षांची माणसं तुमच्याकडे लॅबमध्ये चालत येतात का?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "बाई, आधी आपली ओळ नीट करा, मग दुसऱ्याच्या घरात डोकवा." तिने वही मिटली.

दुपारी मी माझी फाइल उघडली. ओळ एकतीस. वय आहे का, एवढंच मी तिथे तपासलं होतं. आणि या भाषेत नुसतं तेवढं तपासलं तर शून्य म्हणजे 'नाही' धरलं जातं. हे नवशिक्यांना मीच शिकवत असे. ओळ बदलली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सफाई'. दोन दिवसांनी लागलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"जमलं एकदाचं बाईंना," साहेब म्हणाले. मी चहा पीत राहिलो.

महिन्याभराने तिला कायम करायचं की नाही, याचा कागद माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'तपशिलाकडे लक्ष कमी.' ती राहिली असती तर रोज समोर दिसली असती. दुसरं काहीही कारण नव्हतं. तिची नोकरी गेली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात तिचा नंबर मिळवून फोन केला. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "सर, हे मला कशाला सांगताय? मी काहीच बदललं नव्हतं आणि यादीतून माझं नाव गेलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या मीटिंगमधल्या बाकीच्यांना माहीत नाही."

"साहेब आता हयात नाहीत."

"बाकीचे पाच जण असतील की." तिने फोन ठेवला.

म्हणून हे लिहून त्या पाचही जणांना पाठवतो आहे. चूक माझ्या फायलीत होती, ओळ एकतीस. तिची दोनशे चौदावी ओळ बरोबर होती.

त्यांतला एक जण मध्यंतरी मंडईत भेटला होता. शून्य वर्षांच्या माणसाचा तो विनोद त्याला अजून पाठ होता. सांगून झाल्यावर त्याने टाळीसाठी हात पुढे केला, आणि मी टाळी दिली.